एकसष्टावं पत्र

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आज आमच्या दारात बोराटे! तेही बेल वाजवून, गोड हसत.

पोरगी आहे, पंचवीस-सव्वीसची. नाव संस्कृती. ‘मी मेजर जनरल महिपती बोराट्यांची नात’, हे अशा थाटात सांगितलं, की जणू मी आता ओवाळायला तबकच आणणार. समोरच्या फ्लॅटचं दार उघडं होतं म्हणून आत घ्यावं लागलं.

"काकू, सोळा डिसेंबरला आम्ही एक एक्झिबिशन करतोय. दोन आर्मी ऑफिसर्सची फ्रेंडशिप, थ्रू देअर लेटर्स. आबा आणि मेजर खांबेटे."

म्हटलं, मेजर गोपाळकृष्ण खांबेटे हे माझे वडील. त्यांचा आणि तुझ्या आजोबांचा बहात्तर सालापासून काडीचा संबंध नव्हता.

"असं कसं? आमच्याकडे त्यांची एकशे चौदा लेटर्स आहेत ना. लास्टवालं दोन हजार अकराचं."

अकरा! अप्पा गेले ते साल.

खोटं असणार. तिने झेरॉक्सचा हा एवढा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. प्रत्येक पत्रावर नंबर. "आणि आबांनी त्यांना लिहिलेली तुमच्याकडे असतील तर—" म्हटलं, तुझ्या आबांचं या घरात काहीही नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही मी. गठ्ठा वॉशिंग मशीनवर नेऊन टाकलाय. शनिवारी रद्दीवाला येतो.

१९ नोव्हेंबर

डोक्यात भुणभुण. लिहून मोकळी होते.

एकाहत्तरच्या लढाईत मी बारा वर्षांची होते. अप्पा कंपनी कमांडर. त्यांच्या पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल महिपती बोराटे. अकादमीत दोघं एका खोलीत राहिलेले. बोराटे सुट्टीत आमच्याकडे जेवायला यायचे, मला खांद्यावर बसवून अंगणभर पळायचे. आणि बहात्तर साली याच माणसाने अप्पांचा वार्षिक रिपोर्ट लिहिला : पलटणीचे नेतृत्व देण्यास अपात्र. झालं! पुढची बढती नाही. चौऱ्याहत्तरला अप्पा मेजरचे मेजरच घरी आले आणि एका वसतिगृहाचे रेक्टर झाले. हरवलेल्या चाव्या आणि तुंबलेल्या मोऱ्या बघत बसले. बोराटे मात्र चढत गेले. ब्रिगेडियर, मग मेजर जनरल.

आई मरेपर्यंत म्हणायची, ‘केसाने गळा कापला मेल्याने. पाठीमागून लिहिलं, तोंडावर बोलायची छाती नव्हती.’ अप्पा ऐकून घ्यायचे, चपला घालायचे आणि फिरायला जायचे.

मी एक्याऐंशीला पोस्टात लागले, सॉर्टिंगला. चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत माझ्याच हातात आमच्या घरचं पाकीट आलं. प्रेषक : ब्रिगेडियर म. बोराटे. एवढ्या वर्षांनी याला आठवण झाली! मी त्यावर माझ्या हाताने लिहिलं, ‘घेण्यास नकार. प्रेषकास परत.’ महिन्याने दुसरं आलं. तेही परत. अशी पाच. पोस्टातल्या माणसाने असं करणं म्हणजे काय, ते मला पुरतं माहीत होतं. तरी केलं. कुणाला पत्ता लागला नाही. सहावं पत्र आलंच नाही, शेपूट घातलं गड्याने! चाळीस वर्षं या एका गोष्टीवर मी खूश आहे. पश्चात्ताप? छे.

अप्पांच्या तेराव्यालाही आला होता. काठी टेकत, हातात गुळाची ढेप. मी तोंडावर दार लावलं.

२० नोव्हेंबर

मतदान करून आले. गठ्ठा मशीनवरच आहे. धुणं हाताने धुतलं.

२२ नोव्हेंबर

वाचतेय. रद्दीवाल्याला देण्याआधी काय देतोय ते माहीत असावं, एवढ्यासाठीच.

अक्षर अप्पांचंच. शंकाच नको. पहिलं पत्र पासष्ट सालचं, तेव्हाच्या लढाईत दोघं वेगवेगळ्या आघाड्यांवर होते. ‘महिप्या, जिवंत असलास तर कळव. नसलास तरी कळव.’ अप्पा असं लिहायचे? घरात तर ‘मीठ द्या’ याच्या पुढे बोलणं नसायचं.

मग एकाहत्तरचा डिसेंबर. ती पत्रं नाहीत, चिठ्ठ्या आहेत. वायरलेस बंद पडला म्हणून दोघांनी जवानाच्या हाती पाठवलेल्या. मराठीत, म्हणजे शत्रूच्या हाती लागल्या तरी चटकन कळू नयेत. बोराट्यांनी स्वतःच्या चिठ्ठ्यांच्याही कार्बन प्रती ठेवल्या होत्या. हिशेबी माणूस! सगळ्या एकाच दुपारच्या. उतरवून ठेवते.

२.४० — डावा बांध दिवस मावळायच्या आत हवा. पुन्हा हल्ला कर. म.
३.०५ — पंचेचाळीस राहिले आहेत. पुढे सुरुंग, उघडे रान, तोफांची मदत नाही. जाणार नाही. गो.
३.२० — गोपाळ, हा हुकूम आहे.
३.४५ — हुकूम मिळाला. जाणार नाही. तुला जे लिहायचे ते लिही.
४.०० — लिहीन.
४.२५ — लिही. विड्या असतील तर पाठव. पोरांच्या संपल्या.
४.४० — दोन पुडे पाठवले.

दुसऱ्या दिवशी युद्धबंदी झाली.

अप्पांनी हुकूम मोडला होता! आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आईला तरी माहीत होतं का?

पण मग पंचेचाळीस जीव वाचवणाऱ्या माणसाला हा ‘अपात्र’ म्हणतो! उलट आणखीच चीड आली.

२३ नोव्हेंबर, शनिवार

रद्दीवाल्याला फक्त पेपर दिले.

२४ नोव्हेंबर

आज अप्पांवर चिडलेय. फोटोशी भांडून झालं. मेलेल्या माणसाशी भांडायचं म्हणजे सगळा आवाज आपलाच.

बहात्तरचं पत्र : ‘तू मला समोर बसवून रिपोर्ट वाचून दाखवलास. मी सही केली. नंतर आपण चहा घेतला. साखर कमी होती.’

सही केली! वाईट रिपोर्ट असला की तो अधिकाऱ्याला दाखवावा लागतो, त्याची सही घ्यावी लागते म्हणे. म्हणजे ‘पाठीमागून’ वगैरे काही नव्हतंच. आणि ते वाक्यही आम्हाला अर्धंच माहीत होतं. अप्पांनी ते पत्रात पुरतं लिहिलंय, चिडवायला : ‘"माणसांवर अतोनात जीव, म्हणून पलटणीचे नेतृत्व देण्यास अपात्र." महिप्या, हे असे वाक्य लिहायला तुला किती विड्या लागल्या?’

वरून कोर्ट मार्शल करा म्हणून मागणी होती. बोराट्यांनी ते होऊ दिलं नाही, पण खोटंही लिहिलं नाही.

मग घरी का नाही सांगितलंत, अप्पा? त्याचंही उत्तर आहे. शहात्तरचं पत्र : ‘ही तुझ्या नावाने बोटे मोडते. मोडू दे. खरे सांगितले तर विचारील, का नाही गेलात? त्याचे उत्तर मला घरात द्यायचे नाही. तू शिव्या खा.’ आणि पुढच्या पत्रात, ‘शिव्या खायला हरकत नाही म्हणालास, आभारी आहे.’

म्हणजे ठरवून! आई सव्वीस वर्षं जळत राहिली, आणि हे दोघं पत्रातून हसत होते. बोराट्यांची उत्तरं वसतिगृहाच्या पत्त्यावर यायची, घरी नाही. आईचं काय? माझं काय?

२६ नोव्हेंबर

एकही पत्र गोड नाही. हीच का ती फ्रेंडशिप? चाळीस वर्षं एकाच दुपारवरून भांडलेत. बोराट्यांनी तिकडून काय लिहिलं ते अप्पांच्या उत्तरांतून कळतं. ‘म्हणे दुसऱ्या दिवशी लढाई थांबणार हे मला ठाऊक नव्हते! तुलाही नव्हते, गाढवा.’ ‘म्हणे आजही तोच रिपोर्ट लिहिशील. लिही. आजही मी जाणार नाही.’ नव्वद सालीही तेच. दोन हजार दोन सालीही तेच. कुणी माफी मागत नाही, कुणी देत नाही. तळाला मात्र दर वेळी, गुडघा कसा आहे, डोळे तपासलेस का.

मी त्या माफीची वाट बघत वाचतेय. बोराट्यांनी एकदा तरी ‘चुकलो’ म्हटलं असेल आणि अप्पांनी त्याला उत्तर दिलं असेल. नाहीच.

२८ नोव्हेंबर

गूळ! आत्ता कळलं.

अप्पा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मार्केट यार्डात जायचे, गूळ आणायला. बोराट्यांच्या भावाचं गुऱ्हाळ मांजरी गावात, त्यांचा गूळ यार्डात ज्या आडत्याकडे यायचा त्याच्याकडेच. आम्हाला वाटायचं गूळ चांगला असतो म्हणून. घरात कोण खातं एवढा? मधुमेह झाला तरी आणत राहिले. मी काय काय बोलले त्यांना! ‘जिभेवर ताबा नाही या वयात.’ कामवालीला वाटून टाकायचे ढेपा.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यापासून प्रत्येक पत्राची सुरुवात हीच : ‘गूळ मिळाला. पत्र मिळाले. वाचून आडत्याच्या शेगडीत टाकले.’

म्हणजे मी पाच पत्रं अडवली आणि त्यांनी सत्तावीस वर्षं गुळातून चालवली. अप्पांना वाटलं असणार, पोस्टाचा काही घोळ आहे.

३० नोव्हेंबर

एकसष्ट नंबर नाही!

साठ आहे, बासष्ट आहे, एकसष्ट नाही. तीन वेळा मोजलं. पोस्टात अडतीस वर्षं काढलीत मी, गठ्ठ्यातलं एक पाकीट गेलं तर हाताला कळतं.

साठ, जानेवारी ८४ : ‘वसतिगृह बंद पडले. मी आता रिकामा. यापुढे घरच्या पत्त्यावर लिही. ही चिडेल, बघून घेऊ.’ (म्हणजे ती पाच अप्पांनीच मागवलेली. असो.)

बासष्ट, ऑगस्ट ८४, गुळाच्या ओळीनंतर : ‘ऐकलेस. उपकार झाले. हा शब्द तुझ्यासाठी पुन्हा वापरणार नाही.’

उपकार! अप्पा, तुम्ही? ज्यांनी कोर्ट मार्शल टळल्यावरही कधी आभार मानले नाहीत, ते उपकार म्हणतात? उघड आहे. नोकरी गेली होती. अप्पांनी त्या माणसापुढे हात पसरला, आणि त्याने आधी नाक घासायला लावलं असणार. तेच एकसष्टमध्ये आहे. म्हणूनच काढून ठेवलंय. पत्रं मागायला माझ्याकडे यायचं आणि नेमकं तेच लपवायचं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी जात!

सापडला. बावन्न वर्षांनी हातात सापडला हा माणूस.

१ डिसेंबर

संस्कृतीला फोन केला. एकसष्ट कुठे आहे?

"काकू, ते एक... आबा नको म्हणाले. बाकी सगळी लावा म्हणाले, त्यांना स्वतःला शिव्या आहेत ती पण. फक्त ते नको."

"तू वाचलंयस?"

"हो."

"मग सांग काय आहे त्यात."

"सॉरी काकू. मी नाही सांगू शकत. प्लीज, सोडून द्या ना."

सोडून द्या! आवाज रडवेला झाला होता तिचा. चोरी पकडली गेली की होतो.

४ डिसेंबर

बोराट्यांच्या मांजरीच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र टाकलं, पोचपावतीसह. कच्चा मसुदा इथे ठेवते :

‘मे. ज. बोराटे यांस, क्रमांक ६१ चे पत्र माझ्या वडिलांच्या हातचे आहे. ते दहा दिवसांत मला दाखवावे. अन्यथा सोळा तारखेला प्रदर्शनात येऊन, आपण एका मेजरला कशासाठी भीक मागायला लावलीत, हे मी माईकवरून विचारेन. पाहुण्यांसमोर. श्यामला गोपाळकृष्ण खांबेटे.’

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम, स्पीड पोस्ट करा ना. म्हटलं, सही हवीय मला त्या माणसाची.

९ डिसेंबर

पोचपावती आली. ‘म. बोराटे.’ अक्षर थरथरलंय, पण सही स्वतःची आहे. नाकारलं नाही, घेतलं.

दुपारी संस्कृतीचा मेसेज : आबा म्हणतात, शुक्रवारी या.

१३ डिसेंबर, शुक्रवार

जाऊन आले.

रिक्षावाल्याला पत्ता सापडेना. तीन टॉवर आणि त्यांच्या मधे एक बैठं घर, मागे दोन वाफे ऊस. तेवढाच राखलाय म्हणे. म्हातारा व्हरांड्यात खुर्चीवर. ब्याण्णव वर्षांचा. कानाला यंत्र, पायावर शाल. मला बघून उठायला लागला. नको म्हटलं तरी उठला, काठीवर भार देऊन उभा राहिला आणि मी बसल्यावरच बसला.

"आलीस. बस. गोपाळचं कपाळ हाय तुझं."

म्हटलं, कपाळ बघायला आले नाही. एकसष्ट द्या.

"नको मागू, पोरी."

"पुरावा आहे ना त्यात?"

"हाय. पुरावाच हाय."

इतक्या सरळ कबूल करतील असं वाटलं नव्हतं. मग मी काही राखलं नाही. आई कशी गेली ते सांगितलं. अप्पांच्या गणवेशाला ऊन दाखवताना आई कशी पाठ फिरवायची ते सांगितलं. म्हटलं, तुम्ही ताऱ्यांवर तारे लावलेत आणि माझे वडील पोरांच्या चाव्या शोधत फिरले. आणि नोकरी गेल्यावर त्यांना तुम्ही भीक मागायला लावलीत!

ते ऐकत होते. यंत्र नीट बसवून ऐकत होते, एक शब्द सुटू नये म्हणून. संस्कृती मागे दारात रडत होती.

"मागितली त्यानं," शेवटी म्हणाले. "मी नाय लावली. त्यानं मागितली. आख्ख्या जन्मात एकदाच."

"कशासाठी?"

शाल सारखी करत बसले.

"सोळा तारखेला माईकवर विचारू?"

"विचार. मी खाली मान घालून बसंन. लोक म्हनतील म्हातारा वाईट हाय. म्हनू दे. मला सवय हाय त्याची." मग हसले. दात नाहीत. "पन तू वाचू नको. तुझ्या भल्याचं सांगतो."

मला हुकूम सोडतोय! म्हटलं, वाचल्याशिवाय उठणार नाही.

दाराकडे वळले. मग संस्कृतीला म्हणाले, "दे तिला. बापाचाच हट्ट हाय, सांगून उपेग नाय." आणि मला, "घरी जाऊन वाच. माझ्यासमोर नको. एवढं तरी ऐक."

पाकीट पर्समध्ये टाकलं. निघताना विचारतात, गूळ नेशील का? म्हटलं, आमच्याकडे कुणी खात नाही.

"गोपाळ तरी कुठं खात व्हता," म्हणाले.

जिंकून आले. रिक्षात पाकीट दोनदा चाचपून पाहिलं.

१४ डिसेंबर

उघडलं नाही. घर झाडलं, माळा झाडला, देव घासले. माईकवर काय बोलायचं ते पाठ केलं.

१५ डिसेंबर, रविवार

‘महिपती, तुझी परत आलेली पाच पाकिटे आणि चिठ्ठी तुझ्या भावाच्या आडत्याने बोलावून दिली. वरचा नकाराचा शेरा पोस्टमनचा नाही, श्यामलेचा आहे. ते अक्षर मी पाटीवर गिरवून घेतले आहे, माझी चूक व्हायची नाही. तू पोस्टाच्या वरिष्ठांना लिहिणार म्हणतोस. लिहिलेस तर तिची नोकरी जाईल, वर खटला होईल. पंचवीस वर्षांची पोर आहे, माझ्या मायेने आंधळी झाली आहे. माझ्याबद्दल खरे लिहिलेस, योग्य केलेस. तिच्याबद्दल लिहू नकोस. मला कळले आहे हेही तिला कधी कळू देऊ नकोस, माझ्यासमोर यायची तिला चोरी होईल. जन्मात कुणाकडे काही मागितले नाही. हे मागतो. पुढची पत्रे गुळाबरोबर पाठव. घरी सांगतो, मला गुळाची आवड लागली. गोपाळ.’

संस्कृतीला फोन केला. उद्या एकसष्ट लाव, म्हटलं. खाली माझं नाव घाल, हुद्द्यासकट. ती म्हणाली, आबांना विचारते. मागून त्यांचा आवाज आला, "न्हाई लावायचं."

"सांग त्यांना, मी सांगतेय."

"ऐकलं म्हनावं. न्हाई लावायचं. गोपाळला शब्द दिलाय."

रिक्षा बोलावली आहे. मांजरीला जाते, भांडायला.